भिंतीपलीकडे धाकटी

आमच्या मागच्या बाल्कनीत उभं राहिलं की धाकटीचं स्वयंपाकघर दिसतं. तिने दूध उतू घालवलं तर आमच्या हिला ते तिच्याआधी कळतं. धाकटी म्हणजे हिची सख्खी बहीण, माझी मेहुणी. तीही दुसऱ्या मजल्यावर, आम्हीही दुसऱ्या मजल्यावर. दोघी आपापल्या कठड्याला टेकून एकमेकींकडे बघत फोनवर बोलतात. सुरुवातीला नुसत्याच मोठ्याने बोलायच्या, पण खालच्या लोकांनी तक्रार केली. घरातल्या गोष्टी आम्हाला ऐकवू नका, म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं, कारण त्यातल्या बऱ्याचशा गोष्टी माझ्याबद्दलच असायच्या.

आणि एवढ्या जवळच्या बाईकडे जायला आम्हाला गाडी लागते.

आमची सोसायटी आणि तिची सोसायटी यांच्यामध्ये भिंत आहे. खरं म्हणजे दोन भिंती आहेत. बांधणारे दोन वेगळे होते आणि त्यांचं आपसात जमत नव्हतं, म्हणून प्रत्येकाने आपापली बांधली. मध्ये एक चिंचोळी पट्टी राहिली, ती कुणाचीच नाही. त्या पट्टीत मांजरं राहतात आणि मुलांचे चेंडू जातात. पलीकडे जायचं तर आधी आमच्या गेटमधून उलट्या दिशेला बाहेर पडायचं, मग मोठा रस्ता धरायचा. त्या रस्त्याला मधे कुठेही फट नाही. उड्डाणपुलापर्यंत जायचं, त्याच्या खालून वळसा घालायचा, पंपाजवळ रांगेत उभं राहायचं, आणि आलो तेवढंच परत यायचं. पायी जायला पदपथ नाही. हिने एकदा हट्टाने प्रयत्न केला होता. एका ट्रकवाल्याने तिला एवढ्या मोठ्या आवाजात विचारलं, आजी, मरायचंय का, की ही तिथूनच परत फिरली. मरायचं नव्हतं, म्हणाली, बहिणीला लिंबं द्यायची होती.

या चुकीत माझा वाटा आहे की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हातारपणी जवळजवळ राहायचं, असं दोघींनी धाकटीचे यजमान गेल्यावर ठरवलं. विक्रीच्या ऑफिसात भिंतीवर एक मोठा रंगीत नकाशा होता. त्यात झाडं होती, बाकं होती, आणि एक जोडपं बाबागाडी ढकलत एका इमारतीकडून दुसरीकडे चाललं होतं. दोघींनी त्या जोडप्यावरून बोट फिरवलं आणि समोरासमोरची घरं पसंत केली. नकाशात भिंत नव्हती. मला तेव्हा वाटलं होतं की विचारावं, या दोन वसाहती वेगवेगळ्या रंगांत का दाखवल्या आहेत. पण माझा सगळा जन्म कॉलेजच्या ग्रंथालयात गेला. छापलेल्या गोष्टीवर शंका घेण्याआधी मी स्वतःवर घेतो. गप्प बसलो.

पहिली काही वर्षं निभावली. धाकटी स्वतः गाडी चालवायची. आठवड्यातून दोन-तीनदा यायची आणि आली की वाहतुकीबद्दल एवढं बोलायची की मूळ गप्पा राहूनच जायच्या. मग तिचे डोळे अधू झाले आणि डॉक्टरांनी गाडी बंद केली. तेव्हापासून सगळा भार आमच्या सूनबाईवर आला. मुलगा पहाटेच कामाला जातो. सूनबाई रक्ततपासणीच्या लॅबमध्ये आहे. ती घरी आली की मुलीला नाचाच्या वर्गाला, हिला बहिणीकडे, येताना भाजी, परत मुलीला आणायला, परत हिला आणायला. एकदा ती किल्ली टेबलावर आपटून म्हणाली, "बाबा, ज्यांनी ही वस्ती आखली ना, त्यांनी गाडीत बसून आखली असणार. खाली पाय टेकवलाच नसेल कधी." मी म्हटलं, या विषयावर चांगली पुस्तकं आहेत, शाळा, दुकान, दवाखाना पायी पोचण्याच्या अंतरात असावेत, असं... ती म्हणाली, "असू द्यात. आधी मला सांगा, आईंना आणायला किती वाजता जाऊ?"

मग धाकटी पडली.

न्हाणीघरात घसरली. फोन तिच्या हाताशी होता म्हणून बरं. तिने हिला फोन केला, आणि ही बाल्कनीत धावली. समोर धाकटीचं स्वयंपाकघर, ओट्यावर चिरायला काढलेली भाजी, आणि आत कुठेतरी बहीण कण्हते आहे. सूनबाई कामावर, मुलगा कामावर. रिक्षा बोलावली, ती उड्डाणपुलाखाली अडकली. त्या सगळ्या वेळात ही कठड्याला धरून उभी होती आणि फोनवर नुसतं म्हणत होती, मी आहे, मी इथेच आहे, मी बघतेय. काय बघत होती ती? कपाटाचं दार बघत होती.

हाड मोडलं नव्हतं, मुका मार होता. पण धाकटीच्या मुलाने, म्हणजे आमच्या भाच्याने, निर्णय घेतला. तो दुसऱ्या शहरात असतो, मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि आईवर त्याचा जीव आहे हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे तो खलनायक वाटेल. त्याने घर विकायचं आणि आईला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. गिऱ्हाईकही शोधलं. धाकटीला जायचं नव्हतं. तिकडे त्याचं घर चौदाव्या मजल्यावर, खाली उतरलं की परत गाडीच. मी तिथे खुर्चीसारखी असेन, असं ती हिला म्हणाली. कुणी हलवलं तर हलायचं.

भाच्याचा मुद्दा मात्र खोडता येत नव्हता. तो फोनवर शांतपणे म्हणायचा, मावशी, तुझ्यावर माझा विश्वास आहे, पण तू तिच्यापर्यंत पोचूच शकत नाहीस, त्याचं काय?

तेव्हा हिने मला कामाला लावलं. भिंतीत दरवाजा पाडायचा. "अहो, तुम्ही एवढं वाचता, एक अर्ज लिहा की." मी अर्ज लिहिला, खोडला, परत लिहिला. शेवटी तिने तो हातातून ओढून घेतला आणि म्हणाली, अर्ज आहे, पत्रिका नाही, द्या इकडे.

आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांना सगळे कॅप्टन म्हणतात. ते विम्याच्या कचेरीतून निवृत्त झाले आणि समुद्र त्यांनी फक्त सहलीत पाहिलाय, पण डोक्यावरची टोपी कधी उतरवत नाहीत. बैठकीत अर्ज वाचला गेला आणि मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी टिपणं नेली होती. माणसाच्या पावलाने मोजलेल्या वस्तीविषयी त्यात बरंच काही होतं. उभा राहिलो आणि तोंडातून एवढंच बाहेर आलं, "माझी मेहुणी पलीकडे राहते." आणि मी खाली बसलो. सगळी खोली हसली. मागून कुणीतरी म्हणालं, मग तर दरवाजा झालाच पाहिजे.

हसण्याचा फायदा झाला, कुणी उघड विरोध केला नाही. पण प्रश्न सुरू झाले. पलीकडचे लोक आपली बाग वापरतील का? त्यांची कुत्री येतील का? चोर आला तर त्याला दोन वाटा मिळतील, त्याचं काय? एका गृहस्थांनी विचारलं, दरवाजाजवळ पार्किंग किती ठेवणार? मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ते समजावून सांगू लागले. त्यांची इमारत अगदी पुढच्या टोकाला, तेव्हा ते दरवाजापर्यंत गाडीने येणार, गाडी लावणार, आणि मग पलीकडे चालत जाणार. यावर गंभीर चर्चा झाली. चालायच्या दरवाजाला पार्किंग पुरेल का, यावर. मी मान खाली घालून माझी टिपणं नीट घडी करत बसलो.

शेवटी दरवाजा मंजूर झाला, एका अटीवर. दरवाजासाठी कुणाच्याही गाडीची जागा जाता कामा नये. आमच्या भिंतीलगत या टोकापासून त्या टोकापर्यंत गाड्या लागतात. प्रत्येक जागेवर मालकाचा नंबर रंगवलेला आहे आणि त्या रंगाची निगा लोक घराच्या रंगापेक्षा जास्त राखतात. फक्त कोपऱ्यात, कचऱ्याच्या डब्यांमागे, मोकळी जागा होती. दरवाजा तिथे ठरला.

पलीकडे धाकटीने आपल्या सोसायटीत अर्ज दिला होता. तिथेही असाच घोळ झाला, तिथेही मंजुरी मिळाली, आणि तिथेही तीच अट. त्यांच्याकडे मोकळी जागा मध्यभागी होती, जनरेटरच्या खोलीजवळ.

हे दोन अध्यक्षांनी एकमेकांना सांगायला हवं होतं, असं आता कुणीही म्हणेल. पण पाण्याच्या एका जुन्या भांडणावरून दोघांचं बोलणं बंद होतं. कॅप्टन म्हणाले, आपण आपलं काम करू, ते येतील आपल्या रेषेत. पलीकडचेही हेच म्हणाले असणार. गवंडी आले, भिंती फोडल्या, चौकटी बसवल्या, हिरवा रंग दिला. आमचा दरवाजा उघडला की समोर त्यांची भिंत. त्यांचा उघडला की समोर आमची. दोन्ही दरवाजांमध्ये ती मांजरांची पट्टी, त्यातून गेलेला पाण्याचा नळ, आणि कुणा बारीक माणसाने अंग आडवं केलं तर सरकता येईल एवढी जागा.

मी कॅप्टनना विचारलं. माझ्या मानाने जरा जोरातच विचारलं असेन. ते म्हणाले, "काका, आपला दरवाजा बरोबर आहे. त्यांचा चुकलाय." पलीकडच्या अध्यक्षांनी धाकटीला हेच ऐकवलं. दोघांनीही दरवाजाला कुलूप लावलं नाही. काम पूर्ण झाल्याची नोंद मात्र दोन्हीकडे झाली.

ही त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या सकाळी तिने पिशवी भरली. चार साड्या, गोळ्यांचा डबा, चष्मा. सूनबाईने तिला पलीकडे सोडलं. जाताना मला म्हणाली, "दरवाजा होईल तेव्हा येईन. तोवर तिला एकटी ठेवणार नाही, आणि घर विकू देणार नाही. तुम्हाला चहा करता येतो ना?" येतो, म्हटलं. ते खरं नव्हतं.

तेव्हापासून मी बाल्कनीत उभा राहतो आणि समोर माझी बायको दुसऱ्याच्या घरात दूध तापवताना दिसते. तिथून ती मला फोनवर सांगते की बनियन उलटा घातलाय.

मग भाचा आला. गिऱ्हाईक संध्याकाळी सह्या करायला येणार होतं. दुपारी हिचा फोन आला. आवाजात भांडण झाल्याची धाप होती. "तुम्ही या इकडे. तो माझं ऐकत नाही. म्हणतो, मावशी तू तरी किती दिवस राहशील, तुझंच वय काय, आणि काकांचं काय. तुम्ही येऊन सांगा त्याला, माझं काही अडत नाही म्हणून." मी म्हटलं, सूनबाई संध्याकाळी येईल तेव्हा. ती म्हणाली, संध्याकाळी सह्या आहेत, आणि फोन ठेवला.

मी समोर बघितलं. ती बाल्कनीत आली नाही. बहुतेक रडत असावी, आणि ती रडते तेव्हा मला दिसू देत नाही.

मी चपला घातल्या. कचऱ्याच्या डब्यांमागे गेलो, आमचा दरवाजा उघडला आणि पट्टीत अंग आडवं केलं. माझ्या अंगावर मांस नाही याबद्दल सगळा जन्म मला बोलणी बसली आहेत. दोन्ही भिंती छातीला आणि पाठीला एकदमच लागत होत्या. एका मांजरीने माझ्याकडे असं पाहिलं की मला माफी मागावीशी वाटली. नळापाशी शर्टाची बाही अडकून फाटली. मध्ये एकदा वाटलं की इथे आपल्याला काही झालं तर कोणती सोसायटी उचलणार, यावरही दोन बैठका होतील. पण पुढे सरकत राहिलो, आणि जनरेटरच्या खोलीजवळ बाहेर पडलो.

दार हिनेच उघडलं. माझ्या तोंडावर चुना होता आणि केसांत जळमटं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पदराने माझं कपाळ पुसलं, तेही भाच्यासमोर. इतक्या वर्षांत असं कधी केलं नव्हतं. धाकटी आतून म्हणाली, "कोण, भाऊजी? आत्ता तर हिने फोन ठेवला." तिचा पाय उशीवर होता. समोर भाचा कागद मांडून बसला होता.

मी बोलायचं ठरवून आलो होतो. माझं अडत नाही, असं म्हणायचं होतं. पण खोलीत सगळे माझ्याकडे बघू लागले की माझं नेहमी होतं तेच झालं. मी म्हटलं, "चहा आहे का?" आणि बसलो. हिने कपाळाला हात लावला.

भाचा माझ्याशी फार अदबीने बोलला. काका, तुम्ही समजूतदार आहात. इथे आईला रात्री-अपरात्री काही झालं तर कोण येणार? तुम्ही आज जसे आलात तसं नेहमी नाही येता येणार. हे त्याचं खरं होतं, मला नाही म्हणता आलं नाही. धाकटी मान खाली घालून ऐकत होती. तिने पेन शोधायला चष्मा लावला तेव्हा ही उठून आत गेली. मी तसाच बसून राहिलो, चहा पीत. अशा वेळी चहाला चव असते याची मला लाज वाटली.

मग भाचा उठला. गिऱ्हाईकाला अजून वेळ आहे, म्हणाला, तोवर मी तुम्हाला गाडीने घरी सोडतो. या फाटक्या शर्टाने परत त्या भोकातून नको. मी म्हटलं, अरे, नको, मी जाईन. तो म्हणाला, काका, समोर तर आहे घर. मला माणसांना दोनदा नाही म्हणता येत नाही. गेलो.

मोठ्या रस्त्यावर आल्यावर त्याने विचारलं, कुठे वळायचं? मी म्हटलं, अजून नाही. थोड्या वेळाने परत विचारलं. अजून नाही. उड्डाणपुलाखाली तीन रांगा एकात शिरत होत्या आणि एक पाण्याचा टँकर आडवा झाला होता. आम्ही थांबलो. मागचा हॉर्न वाजवत होता, पुढचा खिडकीतून हात हलवत होता. भाच्याने इंजिन बंद केलं, परत चालू केलं, परत बंद केलं. डावीकडे आमच्या इमारतीची टाकी दिसत होती, तिच्या शेजारी त्याच्या आईच्या इमारतीची. दोन्ही इथून हात लावण्याइतक्या जवळ वाटत होत्या.

त्याने मोबाईलवर नकाशा काढला. दोन बोटांनी मोठा केला, लहान केला. मग तो खिशात ठेवून दिला.

"मावशी रोज असं करत होती?"

"रोज नाही. सूनबाईला वेळ असेल तेव्हा."

"आणि आई पडली तेव्हा?"

मी म्हटलं, रिक्षा इथेच होती. या खांबापाशी.

टँकर हलला, परत अडला. मी खांबाकडे बघत राहिलो. त्याच्यावर घरं विकण्याची जाहिरात होती. झाडं, बाकं आणि हसणारी मुलं. शेवटी तो स्वतःशीच म्हणाला, "तुम्ही मावशीचा फोन झाल्यावर दहा मिनिटांत आला होतात."

"दहासुद्धा नाही," मी म्हटलं. "नळापाशी बाही अडकली, नाहीतर त्याआधीच आलो असतो."

त्याने फोन लावला. मला वाटलं आईला, पण गिऱ्हाईकाला लावला. आज येऊ नका म्हणाला. नाही, किमतीचं काही नाही. नाही, दुसरं कुणी नाही. घर सध्या लागणार आहे. त्यानंतर त्याने धाकटीला फोन केला आणि फार थोडं बोलला. पलीकडून काही ऐकू आलं नाही. मग हिचा आवाज आला, एवढा मोठा की मलाही ऐकू आला, आणि त्याने फोन कानापासून लांब धरला.

आमच्या गेटवर पोचलो तेव्हा पाहुण्यांच्या गाडीला जागा नव्हती. भाच्याने गाडी कुणाच्या तरी नंबरवर लावली, तो माणूस वरून ओरडू लागला. भाच्याने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मला म्हणाला, दाखवा मला ते दरवाजे. मी डब्यांमागे नेलं. त्याने दार उघडलं, समोरच्या भिंतीकडे पाहिलं, मान वाकवून पट्टीत पाहिलं, लांबवरचा दुसरा हिरवा दरवाजा पाहिला.

"हे कुणी केलं?"

"कुणी एकाने नाही," मी म्हटलं. "सर्वानुमते झालं."

तो हसला नाही. कॅप्टन कुठे राहतात ते विचारलं. मी सांगितलं, आणि तो जाऊन आला. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. येताना कॅप्टन त्याच्याबरोबर होते आणि टोपी हातात होती. पलीकडच्या दरवाजाच्या बरोबर समोर येणाऱ्या, मधल्या एका रंगवलेल्या जागेपाशी उभं राहून दोघांनी काहीतरी हातवारे केले. ती जागा कॅप्टनची स्वतःची होती. ते तिच्याकडे असे बघत होते, जसं काही तिला दवाखान्यात न्यायचंय. हो म्हणाले की नाही, ते मला कळलं नाही. विचार करतो, एवढं म्हणाले असं भाचा सांगत होता.

त्यानंतर भाच्याला आईकडे परत जायचं होतं. तो पट्टीपाशी गेला, अंग आडवं केलं, आणि खांद्यापाशीच अडकला. पोट आत घेतलं, तरी नाही. मी म्हटलं, तुझ्या वडिलांची अंगलट. तो कपडे झटकत बाहेर आला आणि मुकाट्याने गाडीत बसला. गाडी गेटमधून बाहेर पडली, उलट्या दिशेला.

मी वर बाल्कनीत गेलो. समोर दोघी कठड्याला टेकून उभ्या होत्या. धाकटीचा एक हात हिच्या खांद्यावर होता. हिने फोन उचलला आणि विचारलं, निघाला का तो? मी म्हटलं, निघाला. ती म्हणाली, मग वेळ आहे अजून. आणि आम्ही तिघं त्याची वाट पाहत उभे राहिलो.